दोन तासं सोडून बघ

मी ३१ मे २०२१ ला रिटायर झालो. खरा जन्म कधीचा ते आईलाही धड सांगता यायचं नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी आमच्या जवळजवळ अख्ख्या वर्गाला १ जून लावून टाकलेली, आणि सरकारी नियम असा की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी. त्यात करोनाची दुसरी लाट. मग शाल नाही, नारळ नाही, हार नाही. ऑफिसात आम्ही चौघं, तोंडाला मास्क, चार्ज लिस्टवर सह्या केल्या, हाताला सॅनिटायझर चोळलं आणि मी गाडीला किक मारून निघालो. १९८५ ला कृषी सहायक म्हणून लागलो होतो, पर्यवेक्षक म्हणून सुटलो. ३६ वर्षं, सगळी जालना जिल्ह्यात. बायको म्हणाली बरं झालं, भाषणं तरी वाचली. तिला माहितीये ना, असल्या कार्यक्रमात कुणीतरी माईकवर म्हणणारच की साहेबांनी शेतकऱ्यांसाठी आयुष्य वेचलं, आणि मग मी रात्री झोपत नाही, मोसंबीची झाडं मोजत बसतो. त्या झाडांचं पुढं सांगतो.

आधी तास म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. मुलाचा एक मित्र पुण्यात आयटीत आहे, त्याला मी एकदा म्हणालो दोन तासं सोड, तर तो मोबाईलवर टायमिंग बघायला लागला. आमच्याकडं तास म्हणजे पिकाची ओळ. तिफणीनं एक फेरी मारली की तीन तासं पडतात. कापसाची सहा तासं, मधी तुरीचं एक तास, असं आम्ही बोलतो. अख्ख्या नोकरीत मी शेतकऱ्यांना शेकडो गोष्टी सांगितल्या असतील, त्यातल्या बऱ्याच पुढं खात्यानंच बदलल्या, काही माझ्या मला चुकीच्या दिसल्या. एकच गोष्ट अजून बदलावीशी वाटलेली नाही, ती म्हणजे कुणीही काहीही सांगू दे, मी सांगितलं तरी, दोन तासं सोडून बघ.

आणि ही गोष्टसुद्धा माझी नाही, एका आजीची आहे.

खात्यात मी काही शेतीच्या प्रेमापोटी आलो नाही हो. ७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरं तिच्यामागं, दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी, ती तोंडात फिरायची पण गळ्याखाली उतरायची नाही. वडलांनी त्या साली बैल विकले. तेव्हापासून त्यांचं एकच, घरातलं एक तरी पोरगं पगारावर पाहिजे. दहावीनंतर दोन वर्षांचा शेतकी डिप्लोमा केला कारण त्यात नोकरी लवकर लागते असं गावात म्हणायचे. लागली. आधी सायकल, मग एम-८०.

तेव्हा प्रशिक्षण आणि भेट योजनेचा जमाना होता, जागतिक बँकेचा पैसा. आत्ताच्या पोरांना सांगितलं तर हसतील पण त्या योजनेत कृषी सहायकाचा वार ठरलेला असायचा. गावांचे आठ गट, पंधरवड्यात कोणत्या दिवशी कोणत्या गटात जायचं ते डायरीत छापल्यासारखं पक्कं, आणि प्रत्येक गटात काही संपर्क शेतकरी, त्यांना आपण सांगायचं, ते बाकीच्यांना सांगणार. ते बाकीच्यांना काय सांगायचे ते सांगायचे, पण वार ठरलेला असल्यामुळं माणसं वाट बघायची, हे खरं. आज मंगळवार, साहेब येतील, ते पान दाखवू. अर्ज, अनुदान, ऑनलाईन काही नव्हतं, त्यामुळं बोलायला वेळ होता.

तर नोकरीला वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. एका संपर्क शेतकऱ्याच्या करडईवर मावा पडला. करडई उशिरा पेरली की मावा येतोच, शेंडे काळे, पानं चिकट, चालताना पँटीला चिकटा लागतो. मी रोगार सांगितलं, समोर उभं राहून पंप मारून घेतला. चार-पाच दिवसांनी गेलो तर रान स्वच्छ. मला एवढा आनंद झाला की गटातले आठ-दहा शेतकरी गोळा करून आणले आणि बांधावर भाषण ठोकलं, औषधाचं प्रमाण, पाण्याचं प्रमाण, नोझल, सगळं. त्या शेतकऱ्याची म्हातारी आई शेजारी हरभऱ्याचे शेंडे खुडत बसली होती भाजीला. ती मान वर न करता म्हणाली,

"साहेब, त्या वढ्याकडच्या दोन तासांला औषीद पुरलंच न्हवतं."

मी म्हणालो, मग?

"मग तिथला बी मावा गेलाय की. जाऊन बघा."

गेलो. पान उलटं केलं, दुसरं केलं, दहा झाडं बघितली. मावा नाही. मावा खाणारे दोन-चार ढालकिडे फिरत होते निवांत. आणि मग कुणीतरी आठवण काढली की परवा रात्री अवकाळी पाऊस जोरात आपटून गेला होता. आजी म्हणाली, "औषदानं मेला का पावसानं धुतला, कसं वळखायचं आता?" सगळे हसले. मला त्यावेळी हसू आलं नाही, २३ वर्षांचं वय, अपमानच वाटला. रस्त्यानं एम-८० वर येताना मात्र डोक्यात तेच, की पंप संपला म्हणून कळलं, पंप पुरला असता तर मी पुढची ३० वर्षं हीच गोष्ट यशोगाथा म्हणून सांगितली असती.

पोरांचं प्रकरण नव्वदीनंतर सुरू झालं. एका गावात मारुतीच्या पारावर संध्याकाळी पोरं बसलेली असायची. दहावी नापास, बारावी नापास, एखादा बी.ए. पास पण तोही तिथंच. मोठ्या शेतकऱ्यांना मी सांगायचो ते पोरं लांबून ऐकायची आणि खुसखुसायची. एक दिवस मी त्यांनाच म्हणालो, तुम्हाला खोटं वाटतंय ना, मग लावा पैज. ज्या कुणाच्या रानात जे काही नवीन करतील, खत असो, टॉनिक असो, बियाणं असो, तिथं दोन तासं तशीच सोडायची आणि शेवटी दोन्हीकडची दहा-दहा झाडं मोजायची. शंभर पानी वह्या मी घेऊन दिल्या. स्पेलिंगची बोंब, अक्षर कोंबडीचे पाय, पण नोंदी अशा की विद्यापीठातल्या माणसानं वाचाव्यात. एकानं लिहिलं होतं, "टॉनिक मारलेल्या कपाशीला बोंडं ३१, न मारलेल्याला ३३, टॉनिकचे २४० रुपये गेले, बापाचा मार वेगळा." तालुक्यातल्या एका दुकानदारानं माझी वर तक्रार केली की हा माणूस गिऱ्हाईक तोडतोय. साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब भला माणूस, म्हणाला तक्रार फाईलला लावतो, तू वही लावत राहा.

त्यातला एक पोरगा मला विसरता येत नाही. गणितात दोनदा नापास. तेव्हा जिल्ह्यात पाणलोटाची कामं जोरात होती, कडवंचीला इंडो-जर्मन पाणलोट योजनेचं काम चाललं होतं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं, विजयअण्णा बोराडे यांचा त्यात सगळा जीव, तिथं मी टेम्पो भरून पोरं नेली बघायला. परत आल्यावर आमच्या गावच्या बरड्यावर समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एका लेव्हलचे चर, आखायचे होते. त्यासाठी हायड्रोमार्कर असतो. यंत्रासारखं नाव आहे पण वस्तू साधी, दोन काठ्या, दोन्हींवर आकडे, मधी पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडं पाणी एकाच आकड्यावर उभं राहिलं की दोन्ही काठ्या एका लेव्हलला, तिथं खुणेला चुन्याची फक्की टाकायची, पुढं सरकायचं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हा. मी ओरडलो जमलं, टाक फक्की. तो टाकेना. परत ओरडलो. तो तिथूनच म्हणाला, साहेब मला हे पटंना, डोळ्याला तर तुमची बाजू खाली दिसतीय. मला राग आला, ऊन होतं, म्हणलं दहावी झाली का रे तुझी? तो काही बोलला नाही, काठी रोवली आणि नळी हातात धरून हळूहळू माझ्याकडं चालत आला, बोटानं नळी चाचपत. अर्ध्या वाटेत थांबला. नळीत बुडबुडा अडकला होता, बोराएवढा. नळी हलवून तो काढला आणि पाणी माझ्याकडं चार बोटं वर सरकलं.

नळीत हवा अडकली की लेव्हल खोटी येते, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी विसरलो होतो. त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून आखणीला तो पुढं आणि मी मागं फक्की घेऊन. पुढं त्यानं ठिबक जोडायचं काम धरलं, आता त्याचं फिटिंगचं दुकान आहे, आजूबाजूच्या तालुक्यात लोक शेततळ्याची जागा दाखवायला त्याला नेतात. दहावी तो शेवटी पास झालाच नाही, तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

आता मोसंबी.

१९९० ला रोजगार हमीशी जोडून फळबागेची योजना आली, शंभर टक्के अनुदान. महाराष्ट्रात फळबागा वाढल्या त्यात या योजनेचा वाटा फार मोठा, त्याला मी नावं ठेवणार नाही. आमच्याकडं मोसंबी. एक तात्या होते, सहा एकर, विहीर एक, ज्वारी-बाजरी करून सुखात नसले तरी दुःखात नव्हते. त्यांच्यामागं मी दोन वर्षं लागलो. तात्या म्हणायचे, साहेब झाडाला उन्हाळ्यात पाणी लागंल, माझी विहीर मार्चला तळ दाखवती. मी म्हणायचो बोअर घ्या, मृग बहार धरा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा. अठरा बाय अठरा फुटांवर दोनशे झाडं लागली. खड्डे मी मोजले, कलमं मी निवडली. आणि बाग आली की! सात-आठ वर्षांनी व्यापारी जागेवर सौदा करायला लागले, तात्यांनी स्लॅबचं घर बांधलं. पण एकदा गोडी लागली की माणूस मृग बहारावर थांबत नाही, आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा, धरायला लागतो, आणि त्याला पाणी लागतं नेमकं एप्रिल-मेला. एक बोअर, मग दुसरा, मग चारशे फूट, मग सहाशे. अख्ख्या गावाचंच तसं चाललं होतं आणि मी टार्गेट पूर्ण करत होतो.

२०१२ ला पाऊस पडलाच नाही म्हणा. १३ च्या उन्हाळ्यात जालना शहरालाच प्यायला पाणी नव्हतं तिथं झाडांचं कोण बघतंय. लोकांनी टँकरनं बागा जगवायचा प्रयत्न केला. तात्यांनी दोन महिने टँकर घातले, मग बंद केले. मी गेलो तेव्हा कुऱ्हाडी चालू होत्या. मोसंबीचं लाकूड पिवळट असतं, ओलं कापलं की सालीसारखाच वास येतो, सगळ्या रानात तो वास. तात्यांनी खाट टाकली, चहा सांगितला. मी म्हणालो तात्या, माझ्यामुळं. ते म्हणाले, "पंधरा वर्सं खाल्लं की तिचं. रडू नका." मग जरा थांबून, "पर दोनशे लावायची नव्हती. पन्नास लावायची व्हती. तवा तुमी पोरांला सांगता तसं मला का न्हाई सांगितलं?"

ह्याला उत्तर नव्हतं, अजून नाही. पोरांना मी २४० रुपयांच्या बाटलीसाठी दोन तासं सोडायला सांगत होतो आणि त्यांच्या बापांना एका दमात अख्खी बाग लावायला सांगत होतो, कारण बाटलीचं टार्गेट नव्हतं आणि झाडाचं होतं.

कापसाचंही तसंच. जालना म्हणजे बियाण्याचं गाव, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ ला महिको इथंच काढली, आमच्या आसपासच्या गावातल्या बायका वर्षानुवर्षं सीड प्लॉटवर जातात. दुपारनंतर मादीच्या कळीतले पुंकेसर नखानं काढायचे, सकाळी नराचं फूल फिरवायचं, असं एकेका फुलाला. माझ्या डिप्लोम्यात जे दोन पानांत होतं ते त्यांच्या नखात होतं. २००२ ला बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ ला दोन जनुकांचं आलं, आणि बोंडअळीच्या फवारण्या एकदम कमी झाल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटीची एक वेगळी पुडी यायची. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे काही अळ्या तिथं साध्या कापसावर जगतील आणि बीटी पचवणारी अळी एकटी वाढणार नाही. म्हणजे काय तर दोन तासं सोडणंच की! आणि किती जणांनी लावली? पुडी बांधावर फेकलेली मी शेकड्यानं बघितली. माझ्याच वहीवाल्या पोरांनी सुद्धा नाही लावली. साहेब, तेवढ्या जागेत चार क्विंटल कापूस येतो, कोण सोडंल? मी दरवर्षी सांगितलं, पण कसं, तर सभेच्या शेवटी, चहा येईपर्यंतच्या वेळात. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं जे केलं ते सगळ्यांना माहितीये. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, तोडा, नर पतंग पकडायचे कामगंध सापळे लावा, हेक्टरी पाच, असं आम्ही गावोगाव सांगत फिरलो, आणि लोक शांतपणे हिरवं बोंड फोडून आमच्यासमोर धरायचे, आत गुलाबी.

एक वर्ष मात्र वह्या कामाला आल्या. २०२०, जून. आधीच्या वर्षी ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला पावसात भिजलं होतं, त्यामुळं बियाणंच दुबळं, आणि राज्यभर उगवण झाली नाही म्हणून ओरड झाली. आमच्या पोरांनी (पोरं म्हणतोय, चाळिशी गाठलेली माणसं) पेरणीच्या आधी पिशवीतले शंभर दाणे काढून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, पाणी शिंपडत राहिले आणि आठवड्यात मोजले. सत्तर उगवले तर पेरायचं, कमी असतील तर बियाणं वाढवायचं, फारच कमी तर पिशवी परत. एकाचे ५२ निघाले. तो गोणपाटाची गुंडाळी तशीच घेऊन दुकानात गेला आणि काउंटरवर उलगडली. पिशव्या बदलून मिळाल्या. दुकानाचं नाव, कंपनीचं नाव सोडा.

शेवटची दहा वर्षं नोकरी मोबाईलमध्येच गेली. फोटो काढा, लोकेशन टाका, ग्रुपवर टाका, दुपारी रिपोर्ट. दरवर्षी कॉलेजातून कृषीदूत, कृषीकन्या यायच्या, अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढून फाईलवर सही मागायच्या. मी सहीच्या आधी एक प्रश्न विचारायचो, या गावात कुणाचं बघून तुमचं एखादं मत बदललं का? बरीच पोरं गोंधळायची. कधीतरी एखादी पोरगी बोलायला लागायची आणि मग आम्ही तासभर बसायचो, तो घड्याळातला तास.

पारावरच्या वहीवाल्या २२ पोरांपैकी आज पुरी शेती करतात ते सात. नऊ जण वाळूजला कंपनीत गेले, त्यातल्या दोघांना मीच सांगितलं होतं जा म्हणून, दीड एकर कोरडवाहूत तीन भाऊ काय करणार. पोरांना मातीला चिकटवून ठेवा असं बोलणाऱ्यांची स्वतःची पोरं कुठं असतात ते मला माहितीये, माझाही मुलगा पुण्यात आहे. दोघंजण अजून बिनलग्नाचे. चांगली शेती, ठिबक, गाडी, सगळं आहे, पण स्थळ आलं की पोरीकडचे विचारतात नोकरी कुठंय. एकाची आई मला म्हणाली, साहेब तुम्ही त्याला एवढं शिकवलं, एक बायको तेवढी बघा. या विषयावर माझ्याकडं कोणतंही परिपत्रक नाही.

आता मी आमची वाटणीची तीन एकर करतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून सांगितलं, स्वतः करायला लागल्यावर कळलं की सकाळी सातला मजूर येत नाही. गेल्या खरिपात बदनापूरच्या संशोधन केंद्राची तूर लावली, बीडीएन-७११, आणि शेंडे खुडले, म्हणजे फांद्या फुटतात, शेंगा वाढतात. तूर अशी भरली की मी उत्साहानं फिटिंगवाल्याला फोन करून बोलावलं. तो आला, रान फिरला, शेंगा बघितल्या, म्हणाला झकास. मग विचारलं, "साहेब, सोडलेली तासं कुठंयत?"

मी सोडलीच नव्हती. ३५ वर्षं सांगून स्वतःच्या रानात सोडली नव्हती. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात बायको मागून म्हणाली, आहेत की, बांधाकडची शेवटची दोन, त्या दिवशी माझे हात दुखले म्हणून मी राहू दिली होती, तुम्हाला सांगितलं नाही. मला एवढं बरं वाटलं! लगेच वही आणली, तो एका बाजूची दहा झाडं, मी दुसऱ्या बाजूची दहा, खाली बसून शेंगा मोजल्या. खुडलेल्या झाडाला सरासरी जास्त निघाल्या पण फरक फार नाही. मी लिहायला लागलो तर त्यानं पेन धरलं.

"हे नाही धरता येणार साहेब. बांधाकडं ओल जास्त राहती, ऊनही एका बाजूनं मोकळं मिळतं, कडेचं झाड तसं बी जोरातच असतं. पुढच्या वर्षी मधली सोडा."

बरोबर होतं त्याचं. मी पान खोडलं. तो चहा पिऊन गेला, आणि मी तिथंच बसलो होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजीची ती दोन तासं, वढ्याकडची, तीसुद्धा कडेचीच होती.